कपाटातली पाच पुस्तके आणि मी

प्रिय विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, पालकहो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



या पानावर मी दर वेळी निकाल, स्नेहसंमेलन, शिस्त, गणवेश अशा विषयांवर लिहीत असते. या वेळी जरा वेगळा विषय घेते आहे. यंदा फेब्रुवारीपासून आतापर्यंत मी मराठीतील पाच पुस्तके वाचली. पाचही तुमच्या वयाच्या मुलांविषयीची, किंवा तुमच्या वयात वाचावीत अशी. पुष्कळ वाचणाऱ्याला पाच हा आकडा किरकोळ वाटेल. माझ्यासाठी तो मोठा आहे. तो मोठा का, हे सांगायचे तर आधी एक कबुली द्यावी लागेल.

२७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आपण शाळेत मराठी भाषा गौरव दिन साजरा केला. मी भाषण केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या भाषेला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा अभिमान बाळगा, मराठी पुस्तके वाचा, असे आवर्जून सांगितले. टाळ्या झाल्या. कार्यक्रम संपल्यावर वाचनालयासमोर आठवीतील एक मुलगी थांबली होती. तिने काचेतून मराठी कपाटाकडे पाहिले आणि अगदी सहज विचारले, "मॅडम, यातली तुम्ही किती वाचली आहेत?"

तिच्या मनात काही खोच नव्हती. तिला फक्त कुठून सुरुवात करावी ते हवे होते. मी म्हणाले, "बेटा, उद्या सांगते." आणि घरी येताना रस्ताभर मोजत राहिले. श्यामची आई? ती आईने वाचून दाखवली होती, मी ऐकली होती. पु. ल.? ते कॅसेटवर ऐकले होते. स्वतः हातात घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली मराठी कादंबरी? एकही नाही.

माझे बालपण धारचे. घरात मराठी, देवघरात मराठी, हळदीकुंकवात आणि गणपतीच्या आरत्यांत मराठी. शाळा मात्र पहिलीपासून हिंदी माध्यमाची, पुढे बी.ए.सुद्धा हिंदीतूनच. 'नंदन' आणि 'पराग' वाचत मोठी झाले. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हामिद मला माझ्या चुलतभावासारखा वाटतो. मन्नू भंडारी यांचे 'आपका बंटी' मी कॉलेजात असताना एका रात्रीत संपवले होते. लेखिका आपल्याच माळव्याकडच्या, भानपुऱ्याला जन्मलेल्या, याचेही त्या वेळी फार अप्रूप वाटले होते. हिंदीने मला खूप दिले आणि त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण मराठी माझ्यासाठी ऐकायची आणि बोलायची भाषा राहिली. वाचायची झालीच नाही.

लिपी एकच असल्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आपल्यालाही सोयीस्कर विसर पडतो. मात्र 'ळ' दिसला की डोळा अडखळतो. ओळखीचे शब्द फसवतात. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत 'यातायात' म्हणजे वाहतूक, मराठीत दगदग. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, मराठीत शोधकार्य. शाळेत नवीन असताना मी एका मराठी निमंत्रणपत्रिकेत लिहिले होते, 'आमच्या शाळेत मुलांना उत्तम शिक्षा दिली जाते.' एका आजोबांनी ती पत्रिका वाचून हसत हसत विचारले, "छडीची की कोंबडा करण्याची?" तेव्हापासून मी मराठी मजकूर दुसऱ्याकडून तपासून घेऊ लागले. वाचायला मात्र सुरुवात केली नाही.

दुसरी कबुली याहून अवघड आहे. जानेवारीच्या बैठकीत एक सूचना आली होती. मराठी कपाटातील पुस्तके कोणी नेत नाही, नोंदवहीचे पान रिकामे असते, तेव्हा ते कपाट हलवून तिथे संगणकाची दोन टेबले लावावीत आणि पुस्तके एखाद्या मोठ्या वाचनालयाला द्यावीत. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता आणि नोंदवहीबद्दल ते खरेच बोलत होते. मीही मान डोलावली होती. त्या कपाटात काय आहे हे मला ठाऊक नव्हते, तरी डोलावली होती.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी किल्ली मागून घेतली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि काही पुस्तकांना कसर लागलेली. पण पहिल्या पानांवर काय काय लिहिलेले होते! धार आणि देवास या दोन्ही गावांतील जुन्या कुटुंबांनी वाडा विकताना, घर बदलताना, आजी-आजोबांच्या पश्चात ही पुस्तके शाळेला दिलेली. कोणाला मौंजीत मिळालेली, कोणाला चौथीत पहिला नंबर आल्याबद्दल. एका पुस्तकात सुकलेले पिंपळपान होते. मी त्या मुलीला सांगितले, "एकही वाचलेले नाही. आता आपण दोघी वाचू."

पहिले पुस्तक आम्ही सर्वांत सोपे निवडले, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे शिकायला पुण्यात येतो. सायकलवर वाऱ्यासारखा सुटतो, पळण्यात कोणाला हार जात नाही आणि जिथे जातो तिथे एखादे संकट त्याची वाटच पाहत असते. भागवतांनी त्याची वीसेक पुस्तके लिहिली. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि २०१७ साली चित्रपटही आला. आमच्या हाती लागले ते 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. एवढेसे पुस्तक, पण मला आठवडा लागला. मोठ्याने वाचले तर वेग येतो हे ध्यानात आल्यावर मी शनिवारच्या शेवटच्या तासाला सहावीच्या वर्गात ते वाचून दाखवू लागले.

माझे अडखळणे मुलांनी ऐकले. मी एका शब्दावर थांबले की मागच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द पुरवी. मला आधी संकोच वाटला, प्राचार्यांनी असे अडखळावे का? पण त्याचा परिणाम उलटाच झाला. जी मुले मराठी वाचायला उभी राहायला तयार नव्हती, ती म्हणू लागली, "मॅडम, आता पुढचे मी वाचू?" मॅडमही चुकतात म्हटल्यावर त्यांची भीती गेली असावी. फेणेची ती 'ट्टॉक' करण्याची सवय तर सगळ्या वर्गाला लागली. गणिताच्या सरांनी माझ्याकडे तक्रार केली आहे. ती मी येथे नम्रपणे नोंदवते.

फेणेबद्दल मला सर्वांत आवडले ते हे की तो खेड्यातून शहरात आला म्हणून बुजत नाही. आपल्याकडची मुले बारावीनंतर इंदूर, पुणे, बंगळूरला जातात. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर एक दडपण असते. त्यांनी फुरसुंगीच्या या पोराला बरोबर न्यावे.

दुसरे पुस्तक मिलिंद बोकील यांचे 'शाळा'. हे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला. नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट आपणच सांगतो. काळ आणीबाणीचा, १९७५ नंतरचा. चार मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जगाच्या गप्पा मारतात आणि मुकुंदाला वर्गातली शिरोडकर आवडते. एवढेच कथानक. पण नववीतल्या मुलाच्या डोक्यात एका दिवसात किती गोष्टी येऊन जातात, हे इतक्या खरेपणाने लिहिलेले मी आजवर वाचले नव्हते.

हे पुस्तक वाचताना मी दोन वेळा मिटून ठेवले. कारण त्यातील मोठी माणसे. मुलांच्या बाबतीत एखादी गोष्ट कळली की शिक्षक आणि पालक काय करतात? आधी आवाज चढवतात, मग चौकशी करतात. मी खुर्चीत बसून हेच कितीदा केले आहे, ते आठवत राहिले. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या वहीत एक चिठ्ठी सापडली होती. मी त्याच्या वडिलांना बोलावले आणि सर्वांसमोर ती चिठ्ठी वाचली. मुलगा नंतर दोन आठवडे शाळेत आला नाही. त्या वेळी आपण शिस्त राखली असे मला वाटले होते. आज तो मुलगा कुठे आहे मला ठाऊक नाही. हे पान त्याच्या दृष्टीस पडले तर त्याने समजावे की मॅडमना आपली चूक कळली आहे. उशिरा कळली.

काही पालकांना प्रश्न पडेल, असे पुस्तक शाळेच्या कपाटात असावे का? मीही हा विचार केला. माझे मत असे झाले आहे की ते नववीच्या पुढच्या मुलांसाठी असावे आणि पालकांनीही ते वाचावे, शक्य तर मुलाच्या आधी. मुकुंदाला त्याचा नरूमामा आहे, ज्याच्याशी तो मोकळेपणाने बोलू शकतो. आपल्या घरात असे बोलता येण्यासारखे एक तरी माणूस आहे का, एवढे प्रत्येक घराने पाहावे.

तिसरे पुस्तक प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास', प्रकाशन १९९४. खरे तर ही कादंबरी नाही. एकाच मुलाच्या, लंपनच्या, एकमेकींना जोडलेल्या कथा आहेत. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी आणखी तीन पुस्तके त्याच मुलाची आहेत. लेखक कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव, कऱ्हाडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. २००३ साली अपघातात त्यांचे निधन झाले. २०२४ साली लंपनवर एक मालिकाही आली. लंपन आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. गाव सीमाभागातले, बेळगावच्या वळणाचे. तिथे मराठी आणि कानडी एकमेकींच्या अंगणात वाढतात.

या पुस्तकाने मला जे दिले ते बाकी चारांनी दिले नाही. लंपनची मराठी पुण्याची मराठी नव्हे. तिच्यात कानडी शब्द आहेत, कानडी हेल आहे, आणि त्याला जे काही अचाट वाटते ते सगळे 'मॅड' असते. त्याच्या तोंडचे आकडेही असेच, शेकड्यांनी आणि हजारांनी. लेखकाने त्यातले काहीही घासूनपुसून साफ केलेले नाही. आणि तेच पुस्तक आज सगळा महाराष्ट्र कौतुकाने वाचतो.

वाचता वाचता मला माझी धारची आत्या आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा ती पुण्याला नातेवाइकांकडे गेली होती. तिथे ती म्हणाली, "मी पोहे बनवून राहिली आहे," आणि स्वयंपाकघरात हशा पिकला. कोणी दुष्टपणे हसले नसेल. पण आत्या त्यानंतर पुण्याच्या माणसांसमोर हिंदी बोलू लागली. आयुष्यभर बोलली. आपल्यापैकी अनेक घरांत अशी एखादी आत्या असेल. 'तुमची मराठी जरा वेगळीच आहे हो,' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. मग आपण मुलांशी हळूहळू हिंदीत बोलू लागतो, कारण चुकीची मराठी बोलण्यापेक्षा ते बरे वाटते. मुले वाचत नाहीत याचे मूळ मला तरी इथेच दिसते. ज्या भाषेत आपण चुकतो असे मनावर बिंबले आहे, त्या भाषेचे पुस्तक कोण हौसेने उघडेल?

आत्याच्या हाती त्या वेळी लंपन पडायला हवा होता. त्याच्या कानडीमिश्रित बोलीने मराठी साहित्याचे काही बिघडले नाही, उलट ते श्रीमंत झाले. मग आपल्या माळवी-हिंदीमिश्रित बोलीनेच असे काय बिघडणार आहे? शुद्धलेखन शिकावे, परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी, हे मी शिक्षिका म्हणून सांगणारच. पण घरच्या बोलीची लाज वाटून भाषाच सोडून देणे हा फार महागाचा सौदा आहे. आपल्या देवासचेच पाहा. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार बंधूंच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या, आणि १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत हा संसार चालला. तिथे आपल्या एका घरात दोन भाषा नांदायला काय हरकत आहे?

माळव्यातला लंपन मात्र अजून मला भेटलेला नाही. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन माताजीच्या टेकरीवर धावणारा, घरी मराठी आणि गल्लीत माळवी बोलणारा, धारच्या बसमध्ये इंदूरला जागा मिळाली म्हणून खूश होणारा. तो तुमच्यापैकीच कोणीतरी लिहायचा आहे.

चौथे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी', १९५५ सालचे. १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. ते मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही, पण त्यातला मास्तर स्वतःच पोरसवदा आहे आणि आठवीच्या पुढील मुलांना ते सहज झेपेल. जागा औंध संस्थानातली, धनगरांची लहानशी वाडी. नवा मास्तर येतो तर शाळेत मुलेच नाहीत, ती मेंढरांमागे. हळूहळू तो लोकांची पत्रे लिहितो, त्यांची कामे करून देतो, वाडीला तालीम बांधायला लावतो. तालमीच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, माणसे घरे सोडून जगायला निघून जातात. शाळा पुन्हा रिकामी होते.

आपले धार, देवासही संस्थानेच. त्यामुळे राजाने खेड्याला भेट द्यायची, सगळ्या वाडीने त्याची आठवण पिढ्यान् पिढ्या सांगायची, हे वातावरण आपल्या आजी-आजोबांना ओळखीचे वाटेल. मला मात्र पुस्तकातील रिकामी शाळा जास्त लागली. मास्तराने काही कमी केले नव्हते. पाऊसच पडला नाही. शिक्षकाच्या हातात सगळे नसते, तरी तो वाडीत होता तोवर वाडीचे कितीतरी भले झाले. शिक्षक-कक्षात आम्ही या पुस्तकावर मधल्या सुटीत दोन दिवस बोललो. निकालाच्या टक्केवारीवर बोलण्यापेक्षा ते किती बरे होते!

पाचवे पुस्तक 'पाडस'. अमेरिकन लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही कादंबरी १९३८ साली आली आणि १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मराठीत ती राम पटवर्धनांनी आणली. फ्लोरिडाच्या जंगलात आई, वडील आणि ज्योडी असे तिघांचे एकाकी शेतकरी घर. वडिलांना साप चावतो. विष ओढून घेण्यासाठी ते एक हरिणी मारतात आणि तिचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. ते त्याचा जीव की प्राण होते. पण पाडस वाढते आणि कोवळी पिके खाऊ लागते. कुंपण घालूनही थांबत नाही. ज्या घरात वर्षभराचे धान्य त्या पिकावर अवलंबून आहे, त्या घराला शेवटी निर्णय घ्यावा लागतो. काय होते ते मी सांगणार नाही. एवढेच सांगते की शेवटचा भाग मला मोठ्याने वाचता आला नाही. आठवीतल्या त्याच मुलीने तो वाचून पूर्ण केला.

त्या तासाला एक विद्यार्थी बसला होता, ज्याच्या घरी मराठी कोणीच बोलत नाही. मैत्रीखातर येऊन बसायचा. तास संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हमारे यहाँ भी एक बकरी थी. वो भी सब खा जाती थी." आणि मग बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या घरी त्या बकरीचे काय झाले ते मी विचारले नाही. पुढच्या सोमवारी त्याने 'पाडस' आपल्या नावावर घरी नेले. फ्लोरिडातल्या एका मुलाची गोष्ट, मराठीतून, हिंदी बोलणाऱ्या मुलापर्यंत देवासमध्ये पोहोचली. त्या कपाटाचा उपयोग काय, या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही.

आता थोडे कामाचे.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की जानेवारीत मी डोलावलेली मान मला परत घेऊ द्यावी. संगणकाची टेबले मुलांना हवीच आहेत. त्यासाठी जुन्या क्रीडासाहित्याची खोली रिकामी करण्याचा प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत मांडते आहे. मराठी कपाट मात्र आणखी एक वर्ष जागेवर राहू द्यावे, आणि उघडे राहू द्यावे. वर्षाअखेरीस नोंदवही मी स्वतः आपल्यासमोर ठेवीन. पाने तेव्हाही रिकामी असली तर मी वाद घालणार नाही.

पालकांना विनंती ही की मुलांना 'वाच' असे सांगण्यापूर्वी त्यांच्यासमोर स्वतः दहा मिनिटे वाचावे. अडखळत वाचले तरी चालेल, किंबहुना अडखळत वाचलेलेच चांगले. ज्यांच्या घरी मराठी पुस्तके नाहीत त्यांच्यासाठी एक सोय सांगते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात. मोबाइल मुलांच्या हातात आहेच, त्यात एक 'किशोर'ही असू द्या. आणि घरातील आजी-आजोबांना एखादे पान वाचून दाखवायला सांगा. ऐकलेली भाषाच पुढे वाचता येते, हे मी माझ्या आईमुळे सांगू शकते. तिने श्यामची आई वाचून दाखवली नसती, तर पन्नाशीनंतर मला ही पाच पुस्तकेही वाचता आली नसती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी: शनिवारचा शेवटचा तास आता वाचनाचा तास म्हणून चालू राहील. घरी कोणतीही भाषा बोलत असाल तरी यावे. सहावी-सातवीने फेणेपासून सुरुवात करावी, आठवीने 'वनवास' आणि 'पाडस' घ्यावे, नववीच्या पुढे 'बनगरवाडी' आणि 'शाळा'. पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यावर ठेवून दुसरे घ्यावे, त्याबद्दल कोणी रागावणार नाही. वाचायला वेळ लागला तरी हरकत नाही. मला 'शाळा' संपवायला पूर्ण तीन आठवडे लागले आणि 'पाडस'ला त्याहून जास्त. कोण किती वेगाने वाचतो याची कुठेही नोंद होणार नाही. पुस्तक नेल्याची तेवढी नोंद करावी, कारण त्या नोंदवहीवर आता पुष्कळ काही अवलंबून आहे.

ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला, तिने परवा पुन्हा विचारले, "मॅडम, आता कुठले?" शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' आम्ही काढून ठेवली आहे. कपाटात तिची एकच प्रत आहे. आधी ती वाचणार की मी, हे अजून ठरायचे आहे.

आपली स्नेहांकित,
प्राचार्या